घटासारखं जपलेलं लॉन

शोभाबाईंना मी कामाला लावलं ते त्यांच्या बडबडीला कंटाळून. कापडाच्या लूमांच्या वस्तीत, बमरोलीत, त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत. दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायच्या आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःच्या मानेला, डोळ्यांना आणि त्या टिकल्यांना शिव्या घालायच्या, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. मी इच्छापोरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे नव्या ऑफिसपुढे लॉन लावायचं ठरलं, तेव्हा मी मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकला आणि शोभाबाईंना विचारलं, गवत सांभाळाल का?

"जल्मभर वावरमा उपटं, आते सांभाळसू," त्या म्हणाल्या. अमळनेरकडचं बाईमाणूस, शेतात कधी गवत टिकू दिलं नव्हतं.

दसरा झाला आणि गुजराती नर्सरीवाला ललित सतरंज्यांसारख्या गुंडाळलेल्या गवताच्या पट्ट्या घेऊन आला. पट्टीला पट्टी भिडवून त्या मातीवर दाबून बसवल्या. मुळं खाली धरेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही आणि पाणी चुकवायचं नाही, एवढं सांगून तो गेला. मॅनेजरसाहेबांनी आपलं एक वाक्य जोडलं. दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला ऑफिसचा मुहूर्त आहे, तोवर लॉन धरलं नाही तर दुसरा माळी बघू.

शोभाबाईंनी चारी बाजूंनी सुतळी बांधली आणि पहारा सुरू केला. वॉचमनचा जवळचा रस्ता बंद झाला. माझी चप्पल कडेला लागली तर सगळ्या कारखान्यासमोर माझा उद्धार झाला. ज्याने नोकरी लावली त्याचीच ही गत! पण एकदा पाइप हातात धरून त्या म्हणाल्या, "योगराज, आठे दिवसभर आभाय दिसस रे." खोलीत मान मोडून टिकल्या चिकटवणाऱ्या बाईला आभाळ मिळालं होतं. हे काम त्यांच्या हातून जाऊ नये, असं मला तेव्हापासून मनापासून वाटायला लागलं.

आणि तेव्हाच बाईंनी घोळ घातला. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. एका सकाळी बघतो तर अर्धं लॉन गायब! त्याच्या जागी मिलमधून आणलेल्या डागी साड्या, गुलाबी, मोरपंखी, ओल्या करून पसरलेल्या. उन्हापासून बचाव असेल म्हणून मी गप्प बसलो. काही दिवसांनी त्यांनीच मला हौसेनं बोलावलं, साडीचं टोक उचललं आणि म्हणाल्या, "देख, कसं पिवयंधमक धन उनं!"

आमच्याकडे नवरात्रात घटाच्या मातीत धान्य पेरतात. देवाच्या कोपऱ्यात, उन्हाआड ठेवतात. ते उगवतं त्याला धन म्हणतात, आणि धन जितकं पिवळं तितकी घरात बरकत. दसऱ्याला ते घरोघरी कानावर खोवतात; शोभाबाईंनी माझ्याही कानावर खोवलं होतं. मुहूर्ताचं गवत म्हणून त्यांनी लॉनही घटासारखंच जपलं. मला हसावं की रडावं कळेना. मी ललितला फोन लावला.

तो आला आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. "मासी, घासने तडको जोइए, तडको!" ऊन पाहिजे हो त्याला, ऊन! पॉलिएस्टरखाली गवत उकडून निघालं होतं, वासही यायला लागला होता. त्यानं कुजलेलं कापून काढलं, फटीत बारीक माती भरली. "मूळ जिवंत असेल तर येईल," एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. खरं सांगतो, त्यांनी एखादी तरी शिवी द्यावी म्हणून मी कान देऊन बसलो होतो.

दिवाळीला लूम थांबले, बमरोली रिकामी झाली. शोभाबाईंचा मुलगा आणि सून गावी गेले, मीही गेलो. त्या राहिल्या. "गाव काय पयी जास का?" म्हणाल्या. गाव पळून जात नाही हे खरं, पण ऐन दिवाळीत ती बाई एकटी रिक्षा बदलत इच्छापोरला पाणी घालायला जाते आहे, हे आठवलं की फराळ गोड लागेना.

लाभपाचमीला मी बसमधून उतरून थेट कारखान्यात गेलो. तोरणं लागली होती. लॉन हिरवं होतं, पण साड्यांखालच्या पट्ट्या अजून विरळ होत्या. मॅनेजरसाहेबांनी नेमकं तिथेच बोट दाखवलं. मुहूर्ताला आलेला ललित खाली बसला, पट्टीचा कोपरा दोन्ही हातांत धरून त्यानं ओढला. शोभाबाईंनी तोंड फिरवलं. त्यानं पुन्हा जोर लावला. चार पाती तुटून हातात आली, पट्टी जागची हलली नाही.

"चोंटी गयुं," ललित म्हणाला. खाली धरलं होतं.

"तो फिर मासी ही रहेगी," साहेब म्हणाले आणि पूजेला आत गेले.

मला वाटलं, आता बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण त्यांनी चपला काढल्या, स्वतः बांधलेली सुतळी ओलांडून आत गेल्या आणि ज्या गवताला कुत्र्यालाही शिवू दिलं नव्हतं, त्यातलं चिमूटभर खुडून आणलं. थोडं ललितच्या कानावर खोवलं, थोडं माझ्या.

"औंदा धन हिरवं उनं रे," म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.

मग डोळे पुसून उरलेली पाती घेऊन त्या ऑफिसात शिरल्या. साहेब पूजेला बसलेले, त्यांना उठता येईना. मुहूर्ताच्या फोटोत त्यांच्या कानावर गवत आहे.