अकरा हंगाम, पंचावन्न महिने

मी साखर कारखान्यात पॅनमन आहे. उसाचा रस आटवून पाक होतो. तो पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात घेऊन त्यात साखरेचा दाणा पाडायचा, थेंब काचेवर घेऊन बघायचा, दाणा वाढवत न्यायचा, हे माझं काम. इंदापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात अकरा हंगाम मी हेच केलं. आमच्याकडं नोकरीची वर्षं कुणी मोजत नाही, हंगाम मोजतात. सोयरीक जुळवायला आलेला पाहुणासुद्धा विचारतो, "पोराचे किती हंगाम झाले?" ह्याच सवयीनं माझा घात केला.

अकरा हंगाम होऊनही मी कायम नव्हतो. सीझनल! दर नोव्हेंबरला गेटवर रांगेत उभं राहायचं आणि नवा फॉर्म भरायचा, जसा काही मी आजच कामाला लागलोय. म्हणून आफ्रिकेतल्या एका कारखान्याकडून बोलावणं आलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. दोन वर्षांचा करार, बाराही महिने काम, आणि हुद्दा पॅन इनचार्ज. बायको म्हणाली, "जावा तुमी, पोरांचं मी बघते." आबा म्हणजे माझे वडील. ते एसटीनं मोरगावला जाऊन गणपतीपुढं नारळ फोडून आले. अट एकच होती, पाच वर्षांचा अनुभव. आम्ही हसलो. पाच काय घेऊन बसलात, अकरा हायेत!

त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीत व्हिसाचं काम बंद होतं, सगळ्यांना काठमांडूला पाठवत होते. बारामतीहून दौंड, दौंडहून गोरखपूर, तिथून हद्द ओलांडून बस. अंग आंबून गेलं.

खिडकीपलीकडं एक बाई होत्या. माझं बोलणं त्यांना सांगायला हिंदी येणारा एक कारकून शेजारी बसला होता. कारखान्यानं दिलेला दाखला मी ऐटीत पुढं सरकवला. त्यात प्रत्येक हंगामाची तारीख होती, नोव्हेंबर ते मार्च, एकाखाली एक. बाईंनी बोट लावून महिने मोजले. कारकून म्हणाला, "पचपन महीने. साठ चाहिए. हर साल बाकी सात महीने कहाँ थे?"

मी म्हणालो, "घर पे."

वाटोळं केलं मी माझं! कुठला घरी? दर उन्हाळ्यात पॅन उघडून आतल्या नळ्या घासायला मलाच बोलावतात. अंगाची लाही होते त्या लोखंडात. पण ते रोजंदारीवर, कागदावर नाव नाही. आणि आमच्यात कारखाना बंद झाला की माणूस घरी, असंच म्हणायची रीत. तेच तोंडातून निघालं. बाईंनी तीन दिवस दिले. बारा महिने सलग काम केलं असं कारखान्याचं पत्र आणा, म्हणाल्या.

लगेच आमच्या लेबर ऑफिसरला फोन लावला. "साहेब, दोन ओळी लिहून पाठवा. अकरा वर्षं सलग कामावर हाय, एवढंच."

साहेब म्हणाले, "तसं देता येत न्हाय रे. सलग लिहून दिलं तर उद्या मला कायम करा म्हणून कोर्टात जाशील. तुझं बघून बाकीचेबी जातील."

"आवो साहेब, मी देश सोडून चाललोय! कोर्टात कशाला जाईन?"

"आमी लिहीत न्हाय तसं." आणि फोन ठेवला.

तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं लिहा म्हणत होतो का मी? ज्या नळ्या माझ्या हातांनी घासल्या त्याच कागदावर आणा म्हणत होतो. तीन दिवसांत वीस वेळा फोन केला असेल, एकदाही उचलला नाही. चौथ्या दिवशी पासपोर्ट शिक्क्याविना परत मिळाला. घरी पोचेस्तोवर ती जागा दुसऱ्याला गेली होती. संताप कुणावर काढायचा तेच कळेना, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

नोव्हेंबर आला. पुन्हा गेट, पुन्हा रांग, पुन्हा तो फॉर्म. 'नेमणुकीची तारीख' ह्या रकान्यात मी अकरा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली. खाली लिहिलं, 'दर उन्हाळ्यात पॅनच्या नळ्या घासल्या.' क्लार्कनं फॉर्म फाडला, दुसरा दिला. मी तेच लिहिलं. तिसरा दिला, पुन्हा तेच. आत रस आटायला चढत होता, अन् दुसरा पॅनमन त्या वर्षी शेजारच्या कारखान्यात निघून गेलेला, पॅनवर उभं राहायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. शेवटी लेबर ऑफिसर स्वतः बाहेर आले.

"काय लिहायचं ते लिही बाबा, पण आत हो आधी!"

"मग माझ्या ह्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. शिक्का मारून, तारीख घालून."

आतनं परत हाक आली. त्यांनी चरफडत माझ्या प्रतीवर शिक्का हाणला, सही केली आणि मग विचारलं, "पोच कशाला पायजे रे तुला?"

मी कागद घडी करून खिशात घातला. म्हणालो, "कोर्टात जायला. सलग काम केलं की कोर्टात जाता येतं हे मला अडाण्याला कुठलं ठावं, साहेब? तुमीच तर फोनवर सांगितलं."