नर्सरीपासूनच सुटणाऱ्या वहिनी

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे छापून येईल असं काही लिहायला बसलो की दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखं वाटतं, कुणी उठवेल की काय अशी धाकधूक असते. खरं तर वहिनींवर त्यांना पूर्वीपासून ओळखणाऱ्या माणसाने लिहायला हवं होतं. पण ती सगळी माणसं सायकलवर असतात आणि उतरली की खात असतात. म्हणून मी लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वहिनींना थांबता येत नसे. चहा निवायची वाट न बघता त्या रोज जीभ भाजून घेत. फोन उचलल्यावर समोरचा बोलायच्या आत उत्तर देत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असे. लिफ्टचं बटण दाबून त्या जिन्याने वर जात. एवढ्यावर भागलं असतं, पण त्या आम्हा हौशी सायकलवाल्यांना स्प्रिंट, म्हणजे शेवटची वेगाची मुसंडी, शिकवत, आणि स्प्रिंटमधली निम्मी विद्या म्हणजे थांबणं.

त्या कुणाच्या वहिनी, तर सगळ्यांच्या. आमचा ग्रुप त्यांच्या यजमानांनी, म्हणजे दादांनी सुरू केला. दादांचा गुडघा गेला आणि पुढच्याच रविवारी वहिनी त्यांच्या सायकलची सीट खाली करून हजर झाल्या. तेव्हापासून दादा स्कूटरवर केळी आणि पंप घेऊन मागून येतात. वहिनींचं माहेर मनमाड. तिथे मुली वजनं उचलतात याचं कुणाला नवल वाटत नाही. वहिनींनीही लग्नापर्यंत उचलली होती. त्यांचा जुना लोखंडी बार नाशिकला गंगापूर रोडवरच्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, दादांच्या स्कूटरशेजारी असे, आणि तीच आमची व्यायामशाळा.

ग्रुपमधल्या एका बँक मॅनेजर साहेबांना हे पटत नव्हतं. आपण इतकी वर्षं त्र्यंबकला जाऊन येतो, वजनं कशाला, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी त्यांच्या पिंढऱ्यांकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "किलोमीटर नंतर बघू. आधी किलो." बार खांद्यावर आल्यावर साहेबांनी विचारलं, किती वेळा बसायचं. "तोंड बंद होईपर्यंत," वहिनी म्हणाल्या. ते फार लवकर बंद झालं.

मी सटाण्याकडचा, बागलाण तालुक्यातला, म्हणून त्या मला बागलाण म्हणत. आईने फोनवर विचारलं की त्या बाई शिकवतात तरी काय. मी म्हणालो, खांद्यावर वजन घेऊन उठाबशा. आई हळूच म्हणाली, "काय चुकनं तुनं?" शाळेत उठाबशा कशासाठी काढाव्या लागतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. जमिनीवरचा बार उचलायची वेळ आली तेव्हा मी तो कांद्याच्या गोणीसारखा उचलला, पाठ वाकवून, हिसका देऊन. वहिनींनी माझ्या कंबरेवर चापट मारली आणि सांगितलं की पाठ ताठ ठेव, ताकद मांड्यांतून येऊ दे. दिवाळीत गावी गेल्यावर मी वडिलांना तसं करून दाखवलं. ते हसले. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या चाळीमागे, कुणी बघत नाही असं समजून, ते गोणीपुढे मांड्या वाकवून ताठ पाठीने उभे होते.

बुधवारी स्प्रिंटचा सराव. सायकल जवळजवळ थांबेल इतकी हळू करायची, सगळ्यात जड गिअर टाकायचा आणि उठून जीव खाऊन पॅडल मारायचं. थोडाच वेळ. मग पूर्ण विश्रांती. नवीन माणसाला इतका वेळ बसायची लाज वाटे. वहिनी म्हणत, "दमलेल्या पायांनी पळवलं की पाय दमायलाच शिकतात. बसा." आम्ही बांधावर बसायचो आणि त्या आमच्यासमोर येरझाऱ्या घालायच्या.

रविवारी गिरणारे गावच्या पाटीपर्यंत शर्यत. जो पाटीला पहिला पोचेल तो त्या दिवसाचा राजा. पुढच्याच्या मागे चिकटून राहिलं की वारा त्याला लागतो, आपल्याला नाही. म्हणून मागे दबून राहायचं आणि पाटीअलीकडची ओढ्यावरची मोरी ओलांडली की सुटायचं. हे आम्हाला वहिनींनीच आमच्या चपला जमिनीवर मांडून शिकवलं होतं. आणि स्वतः त्या मोरीच्या कितीतरी अलीकडे, गुलाबांच्या नर्सरीपासूनच सुटत. आम्ही सगळे त्यांच्या मागे आरामात. पाटी जवळ आली की मॅनेजर साहेब बाजूने निघून म्हणत, "थँक यू वहिनी, छान आणून सोडलंत." त्यावर वहिनी, मी काय रिक्षा आहे का, असं म्हणून हेल्मेट तिरकं होईस्तोवर हसत.

एका बुधवारी मी धीर करून विचारलं की सगळं माहीत असून त्या असं का करतात.

"बारला हात लागला की उचलायचा," त्या म्हणाल्या. "विचार करत बसलं की तो जड होतो. तीच सवय लागलीय."

मग त्यांनी सांगितलं की मनमाडला वजनांच्या स्पर्धेत त्या नेहमी दुसऱ्या यायच्या. पहिली यायची ती त्यांचीच मैत्रीण. तिला हरवायचं राहिलं आणि लग्न झालं. त्या हिवाळ्यात सिन्नर-घोटी रस्त्यावर बायकांची सायकल शर्यत होणार होती, वयाचे गट नसलेली. वहिनींची मुलगी माझ्याहून मोठी आहे. तरी त्यांनी नाव दिलं होतं.

"मला एकदा पहिली यायचंय रे बागलाण. कशात का असेना." हे त्या हसत म्हणाल्या. पण मग येरझाऱ्या थांबवून माझ्याशेजारी बांधावर बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

तोड त्यांनीच काढली. मी त्यांच्या मागे राहायचं आणि त्या सीटवरून उठल्या की ओरडायचं, बसा. पहिल्या रविवारी त्या नर्सरीपाशी उठल्या, मी तोंड उघडलं आणि आवाज आला तो असा: "वहिनी, बसता का?" मोठ्या माणसावर मी जन्मात ओरडलो नव्हतो. वर्गात शंका विचारायलाही माझा हात वर जात नसे. मॅनेजर साहेब हसण्याच्या नादात कडेच्या मातीत उतरले. मग वहिनींनी मला पार्किंगमध्ये त्यांच्या प्रत्येक उठाबशीला ओरडायला लावलं. वॉचमन काठी घेऊन धावत आला. पण घसा मोकळा झाला. त्याच आठवड्यात मी वर्गात शंका विचारली, आणि ती इतक्या जोरात गेली की सरांचा खडू पडला.

पुढच्या रविवारी सगळं जमून आलं. नर्सरी आली, मी ओरडलो, वहिनी बसून राहिल्या. मोरी आली. उत्साहाच्या भरात मी ओरडतच होतो आणि त्या बिचाऱ्या बसूनच होत्या. बाकीचे दोन्ही बाजूंनी निघून गेले.

"आता उठू?" त्यांनी विचारलं.

"पाटी गेली, वहिनी."

दादांना स्कूटर स्टँडवर लावून हसावं लागलं.

शर्यतीच्या आधीच मला चेन्नईजवळच्या एका कारखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली. नाशिक रोडला दोघं सोडायला आली. "आता ओरडणार कोण?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा तेव्हा मला नीट बघवला नाही. गाडी सुटेपर्यंत काही त्या थांबल्या नाहीत. दादा एकटेच हात हलवत होते.

कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. शर्यतीच्या दिवशी सकाळभर माझं कशात लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन फोन घेतला, तर दादांचे मिस्ड कॉल. लावला. शर्यत उशिरा सुटली म्हणाले, आत्ताच संपली.

"अरे, पेट्रोल पंपापासून सुटली ती," दादा सांगत होते. "शेवटच्या रेषेवरून तो पंप दिसतसुद्धा नाही."

मी तिथेच पायरीवर बसलो. मग काय झालं, विचारलं.

"त्या बाकीच्या पोरी सगळ्या शिकून आलेल्या. हिच्यामागे आधी सुटून वारा कोण खातंय म्हणून एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणीच सुटलं नाही."

"म्हणजे वहिनी पहिल्या आल्या?"

"आली ना. पण तिला ते सांगणार कोण? मागे वळून बघायला तयार नाही. रेषा ओलांडून तशीच घोटीकडे गेली. मॅनेजर साहेब माझी स्कूटर घेऊन तिच्यामागे गेलेत, अजून ती सापडलेली नाही."