सुपारीच्या मुठीची काठी

श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांमध्ये बुधाजी कातारी ओळखला जायचा तो त्याच्या एका खोडीमुळे. हातात आलेली कुठलीही गोल वस्तू तो आधी फिरवून बघायचा. बाजारात नारळ घेताना फिरवायचा, पंगतीत पानावर आलेला लाडू फिरवायचा. मनुबाईला बघायला गेला तेव्हा तर पाटावर बसल्या बसल्या त्याने चहाची बशी अशी काही गरगरवली, की सासऱ्यांना वाटलं, पाहुण्याला चहा आवडलेला दिसत नाही. लग्न जमलं ते जमलंच, पण ती बशी मनुबाईने पुढे आयुष्यभर नवऱ्याला ऐकवली.

धंदाच त्याचा फिरवण्याचा. पोळपाट, लाटणी, पाळण्याचे खूर, पोरांचे भोवरे, सगळं तो पायाने चालवायच्या लेथवर कातायचा. शिवणीचं लाकूड गरगर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घासून घासून लाख तापते, वितळते आणि लाकडाला बसते. मग केवड्याच्या पानाने पुसलं की तोंड दिसेल अशी चकाकी येते. बुधाजीचा लाखेवर इतका जीव होता, की दुसऱ्या कशाने लाकूड चमकवणाऱ्यांना तो माणसांत धरत नसे.

चौसष्ट सालच्या पावसात त्याची आई सोनाबाई घराजवळच्या ओढ्यावरच्या साकवावरून घसरली. पाय मुरगळला, सुजला, दिवाळीच्या आधी बराही झाला. पण मनात बसलेली भीती काही उतरली नाही. साकवाच्या पलीकडे कृष्णाबाई राहायची. दोघी एकाच साली लग्न होऊन या आळीत आल्या होत्या आणि तेव्हापासून रोज दुपारी शेजारी बसून सुपारी सोलत, गावाची उणीदुणी काढत आल्या होत्या. कृष्णाबाईचे गुडघे धरलेले, तिला अलीकडे यायला जमत नव्हतं. सोनाबाई पलीकडे जायला घाबरत होती. मध्ये चार घरं आणि एक साकव, पण भेट नाही.

डॉक्टर म्हणाले, काठी घ्या. सोनाबाईने सत्तरी ओलांडली होती. ती म्हणाली, "काठ्या म्हाताऱ्या बायका घेतात."

बुधाजीने लाल-पिवळ्या लाखेची झकास काठी कातून आणली. सोनाबाईने ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि विचारलं, "पाळण्याचा खूर एवढा लांब कशाला केलास?"

काठी दाराआड गेली. सोनाबाई ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिली, "किस्नी कशी हाय? जेवते का नीट?" ते बुधाजीला लेथवर ऐकू यायचं. आईची दुपार आपल्या डोळ्यांदेखत रिकामी होते आहे आणि जगाला खूर पुरवणारे आपण तिला एक काठी धरायला लावू शकत नाही, याची त्याला लाज वाटायची.

मग एकदा आईच्या अडकित्त्याखालून पडलेली सुपारीची चकती त्याने उचलली आणि सवयीने फिरवून बघितली. श्रीवर्धनच्या नामांकित रोठा सुपारीची चकती ती, पांढऱ्यावर तपकिरी नक्षी, जणू कुणी बसून रेखली आहे. बुधाजीच्या डोक्यात आलं, हिनं जन्मभर सुपारीच हाताळली. काठीच्या मुठीतच सुपारी दिसली, तर ही काठी तिच्याने टाकवणार नाही.

आता सुपारी दिसायची म्हणजे ती आरपार दिसेल अशा कशात तरी ओतून धरायला हवी. लाडकी लाख पहिल्याच फेरीत बाद झाली. वितळवून ओतली तर गुळाच्या ढेपेसारखी काळपट, आत सुपारी आहे की झुरळ कळायला मार्ग नाही. मग होडीवाल्यांकडून राळ आणली. बांबूच्या पेरात चकत्या रचून वर गरम राळ ओतली. रंग मधासारखा सुरेख आला. बुधाजी खुशीत लेथवर बसला, पटाशी लावली, आणि राळेचे तुकडे चिक्कीसारखे घरभर उडाले. मनुबाईला ते पुढे आठवडाभर भाकरीच्या पिठात सापडत होते.

दिवाळीला मनुबाईचा भाऊ रघू मुंबईहून आला. तो कुर्ल्याला बटणांच्या कारखान्यात होता. मेव्हण्याची खटपट ऐकून तो डिसेंबरात पुन्हा आला, तो एक डबा आणि एक छोटी बाटली घेऊन. डब्यात काकवीसारखं दाट, पण काचेसारखं स्वच्छ काहीतरी होतं. वास मात्र असा, की मांजर घर सोडून गेलं.

"ह्याला रेझिन म्हणतात, भावोजी," रघू म्हणाला. "ह्याचीच बटणं करतो आमी. दुधाला विरजण लावतात तसे बाटलीतले चार थेंब टाकायचे, ढवळायचं. आपसूक घट्ट व्हतं."

एवढं सांगून तो सकाळच्या गाडीने परत गेला, आणि मागे घोटाळा ठेवून गेला. विरजण म्हटल्यावर विषय मनुबाईच्या अखत्यारीतला झाला.

"थंडीचं विरजण दुप्पट लागतं," ती म्हणाली, "आन उबेला ठेवावं लागतं."

स्वयंपाकघरातल्या गोष्टीत बायकोशी वाद घालायचा नाही, हे बुधाजी बशीच्या प्रकरणापासून शिकला होता. त्याने बाटली सढळ हाताने ओतली. बांबूचं पेर चकत्यांसकट काठोकाठ भरलं. मनुबाईने ते गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवलं आणि दोघं समाधानाने चहा पीत बसली. चहा संपायच्या आत गोधडीतून धूर निघाला. बांबू फटकन तडकला. बुधाजीने गोधडी उचलून अंगणात भिरकावली आणि वर घागर ओतली.

"कुणाचं काय जळलं?" सोनाबाई ओटीवरून ओरडली.

"आये, दही लागलं," बुधाजी म्हणाला.

गोधडीतून निघाला तो पिवळा पडलेला, चिरा गेलेला, बुडबुड्यांनी भरलेला गोळा. सोनाबाईने तो हातात घेतला. ती आता कपाळावर हात मारणार, म्हणून बुधाजी तयारीत होता. पण तिची नजर आतल्या चकत्यांवर गेली आणि भुवया चढल्या.

"ही सुपारी कुणी निवडली?"

"मीच."

"दिसतंय. आतून वली हाय ही. म्हणून तर फेस आला. जा, सूप आण. आन माझा अडकित्ता."

पाय घसरल्यापासून सोनाबाईने आपणहून काही मागितलं ते हे पहिलं. एकेक सुपारी कानाशी हलवून, दगडावर आपटून तिने निवडली, आणि कागदासारख्या पातळ चकत्या पाडल्या. बुधाजीनेही या वेळी बायकोला वगळून नेमके चार थेंब घातले, पेर थंड पाण्याच्या टोपात उभं केलं, आणि थोडं थोडं ओतत, आधीचा थर धरला की वर चकत्या मांडून पुढचा ओतत काम केलं. सोनाबाई शेजारी बसून कुठली चकती कुठे ते सांगत होती.

बांबू फोडला तेव्हा आतून जणू पाण्याचीच कांडी निघाली, आणि पाण्यात सुपाऱ्या. लेथवर तिच्या सालपटांच्या लांब फिती निघाल्या. मनुबाईच्या राखुंडीने घासून, खोबरेल चोळून बुधाजीने मूठ लखलखीत केली आणि वेताच्या काठीवर बसवली. लाखेशी आपण बेइमानी केली असं त्याला वाटत होतं, पण मूठ पुन्हा पुन्हा फिरवून बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

सोनाबाईने मूठ उन्हात धरली. बराच वेळ ती आपल्या चकत्या बघत राहिली. मग उठली.

"किस्नीला दावून येते."

पायऱ्या उतरून दोन पावलं गेली आणि थांबली. "ही जमिनीवर आपटून झिजवू व्हय? ही मिरवायची. टेकायला ती दाराआडची आण."

इतके महिने एका काठीला नाही म्हणणारी बाई दोन काठ्या घेऊन निघाली. एका हाताने लाल-पिवळी टेकत, दुसऱ्या हातात सुपारीची काठी निशाणासारखी उंच धरून तिने साकव ओलांडला. बुधाजी मागोमाग धावणार होता, पण मनुबाईने त्याचा सदरा धरून ठेवला. पलीकडून दोन म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू आलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवले नाहीत.

दुपार कलल्यावर सोनाबाई परत आली ती एकच, लाल-पिवळी काठी टेकत.

"आये, दुसरी?"

"किस्नीकडं ऱ्हायली," एवढंच म्हणून ती आत गेली. बुधाजी जरा हिरमुसला. इतकी मेहनत, आणि दिली टाकून.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लेथवर बसला असताना साकवावर ठक ठक वाजलं. कृष्णाबाई हळूहळू, दर पावलाला थांबत येत होती. तिच्या काठीच्या मुठीत सुपाऱ्या चमकत होत्या. सोनाबाईने ओटीवर दुसरा पाट मांडूनच ठेवला होता.

"जपून टेक गं," ती म्हणाली. "माझी सुपारी हाय त्यात."