डाव्या स्पीकरची घरघर

निलंग्यात आमच्या पुढच्या खोलीत मी लघुलेखनाचा क्लास घेते. उतारे मी माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवलेत. कॉम्प्युटरवर ते लावायचे आणि मुलींनी ऐकून लिहायचे. गेल्या वर्षी एका सकाळी मुली तक्रार करू लागल्या की मधले शब्द ऐकू येत नाहीत. डाव्या स्पीकरमधून घरघर येत होती.

भाऊ लातूरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. तो सांगत गेला, मी करत गेले. आवाज कमी केला तर घरघर कमी झाली, गेली नाही. पिन हलवली, फरक नाही. डाव्याची तार उजवीकडे लावली, तरी घरघर डाव्यातच. कॉम्प्युटर सोडून मोबाइलला जोडून पाहिलं, तेच. म्हणजे दोष स्पीकरमध्येच होता. शेवटी त्याने जाळी काढून आतला कागदी पडदा बोटांनी हलकेच दाबायला सांगितला. दाबताना खरखर लागली. कडेला नखाएवढी चीर होती.

"पडदा फाटलाय," तो म्हणाला. "दुसरी जोडी एसटीनं पाठवतो."

नवी जोडी आली. चार दिवस आवाज स्वच्छ होता. पाचव्या दिवशी दुपारी उतारा चालू असताना पुन्हा तीच घरघर, पण या वेळी दोन्हीकडून, आणि जरा जाड. मी उतारा थांबवला, तरी ती चालूच राहिली. स्पीकरचं बटण बंद केलं, मग प्लग काढला. मुली पेन्सिली थांबवून माझ्याकडे पाहत होत्या. मी डावा स्पीकर तार काढून हातात घेतला. हातात तो मुका होता. टेबल मात्र माझ्या मांडीला लागून थरथरत होतं. मग तेही थांबलं.

अण्णा आतल्या दारात येऊन उभे होते. माझे वडील तसे दुपारी उठत नाहीत. त्यांनी चौकट दोन्ही हातांनी धरली होती.

"ते खालून यायलंय," ते म्हणाले. "पोरींला बाहेर काढ."

मी मुलींना अंगणात नेलं. लिंबाखाली उभं राहून सगळ्यांनी आपापल्या घरी फोन लावले.

त्र्याण्णवचा मोठा भूकंप झाला तेव्हा मी आणि भाऊ जन्मलो नव्हतो. अण्णा तेव्हा खेड्यात राहायचे, दगडमातीच्या घरात. आमच्या आधीची एक बहीण त्या घरात गाडली गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यापुढे अण्णांनी कधी काही सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या दुपारी मुली गेल्यावर ते अंगणातल्या दगडावर बसले आणि आपणहून बोलले.

"त्या येळेलाबी आधी लई दिस असंच गुरगुरत होतं. म्या तुझ्या आईला म्हणलो, गिरणीचा आवाज हाय. पोरगी अंगणात माझ्याजवळ येऊन निजायची. म्या तिला परत आत पाठवायचो."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

दोन दिवसांनी सरकारी माणसं येऊन गेली. सौम्य धक्का आहे, घाबरू नका, अफवा पसरवू नका, असं त्यांनी सांगितलं. पुढचे दोन महिने अधूनमधून आवाज येत राहिला. भिंतींना काही झालं नाही. भाऊ आम्हाला लातूरला न्यायला आला तेव्हा अण्णांनी त्याला एवढंच विचारलं, लातूरची जमीन निराळी आहे का. तो एकटाच परत गेला.

मी क्लास अंगणात हलवला आहे. उतारे आता मी स्वतः वाचून दाखवते. परवा एक मुलगी म्हणाली, ताई, तुम्ही वाचता वाचता मध्येच थांबता, आमचा वेग मोडतो. मला माहीत आहे. मी ऐकत असते.