माउथपीसवरचा हात

सुशीलाबाई खांबेटे यांनी आयुष्यातली बावीस वर्षं पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडसेट लावून काढली. समोर भोकांची उभी पाटी, हातात कॉर्ड. सोलापूर मागणाऱ्याला सोलापूर, नागपूर मागणाऱ्याला नागपूर जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. बदली, बाळंतपण, मयत, सगळं त्यांच्या कानावरून गेलं. बोलणाऱ्यांपैकी चेहरा मात्र एकाचाही पाहिला नाही.

मग गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ उघडले. लोक आपले नंबर आपणच फिरवू लागले. एके दिवशी पाटी उचलून नेली, भिंतीवर तिच्या मापाचा फिकट चौकोन राहिला. सुशीलाबाईंना चौकशीच्या काउंटरवर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. कान मात्र निवृत्त झाला नाही. सहकारनगरच्या दुसऱ्या मजल्यावर बसून त्या जिन्यातल्या पावलांवरून माणूस सांगत. नवऱ्याच्या खोकल्यातला खरा कोणता आणि चहासाठीचा कोणता, हेही त्यांना कळे.

त्यांची एकुलती एक मुलगी उल्का २००१ साली सॉफ्टवेअरच्या नोकरीवर कॅनडात गेली. कॅल्गरी नावाच्या, सहा महिने बर्फात असलेल्या गावात. तिथंच लग्न झालं, तिथंच मोडलं. मोडल्यावर सुशीलाबाई फोनवर म्हणाल्या, "आता तिथं कोणासाठी राहतेस? परत ये."

"आई, पुण्यातलं सगळं मी पुण्यातच ठेवून आले. मला त्यातलं काही नकोय."

"आम्हीही त्यातलेच."

मग उल्का म्हणाली, "फोन केला की आपण भांडतो. त्यापेक्षा मी दर रविवारी व्हिडिओ पाठवत जाईन. तू बघ आणि मेल कर."

त्याला दोन वर्षं झाली. दर रविवारी मेलमध्ये एक लिंक येई. सुशीलाबाई कॉम्प्युटर लावत, ब्राउझरमध्ये ती उघडत आणि चार मिनिटं उल्का बोले. हवा कशी आहे, ऑफिसात काय चाललंय, आज काय शिजवलं. त्यात विचारण्यासारखं काही नसे आणि मधे बोलता येत नसे. तरी आवाज होता. थकला आहे का, रडून आला आहे का, हे चार मिनिटांत पुरेसं कळे. तेवढ्यावर आठवडा जाई.

२०१४च्या दसऱ्यानंतरच्या रविवारी लिंक उघडली तर उल्का बोलत होती आणि आवाज नव्हता.

सुशीलाबाईंनी आवाज वाढवला. स्पीकरची वायर काढून परत घातली. चित्राखालच्या स्पीकरच्या छोट्या खुणेवर फुली नाही ना, तेही पाहिलं. पडद्यावर उल्का हात हलवून काही सांगत होती. शेवटी थांबून तिनं खाली पाहिलं, मग वर पाहून ती एकच लहानसं वाक्य बोलली. आणि चित्र संपलं.

त्यांनी ते वाक्य तीस वेळा पाहिलं असेल. चार शब्द असावेत. पण ओठांवरून ओळखण्याची सवय कुठून असणार? जन्मभर त्यांनी न पाहता ऐकलं होतं.

"काय म्हणतेय?" आतून गोपाळकृष्णांनी, त्यांच्या यजमानांनी, विचारलं.

"आवाज येत नाहीये."

"चला, तेवढीच शांतता. चहाचं बघता का?"

मेल गेली: आवाज येत नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "इथे सगळं ठीक आहे. प्रॉब्लेम तुमच्याकडे असणार. १. पेज रिफ्रेश करा. २. कॅशे क्लिअर करा. ३. प्लेअरचं प्लगिन अपडेट करा. ४. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा." खाली 'उल्का' एवढंच. एरवी ती 'तुझी उल्का' लिही.

सुशीलाबाईंनी चारही गोष्टी वहीत उतरवल्या आणि क्रमानं केल्या. दुसरा ब्राउझर उतरवून घ्यायला अर्धा दिवस गेला. त्यातही उल्का मुकीच. पुढच्या रविवारचा व्हिडिओ आला, तोही मुका. पुन्हा मेल, पुन्हा यादी, या वेळी सहा कलमांची.

हिला बोलायचंच नसेल, असं त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते गुरुवारी, मेथी निवडताना. माणूस एकदम लाइन तोडत नाही. आधी आवाज कमी करतो. एक्स्चेंजमध्ये त्यांनी अशी किती तरी नाती उतरत गेलेली ऐकली होती.

शुक्रवारी त्यांनी उत्तरेश्वरला बोलावलं. उस्मानाबादकडचा, चाळिशीचा माणूस. बुधवार पेठेत एका माडीवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्त करी.

"अहो उत्तरेश्वर, यादीतलं सगळं केलंय मी. परत तेच करू नका."

"मावशी, तुम्ही केलं म्हंजे झालंच की." असं म्हणून त्यानं परत तेच केलं. मग भलतीच एक वेबसाइट उघडून कुणा बाईचा स्वयंपाकाचा व्हिडिओ लावला. थालीपिठाचं पीठ कसं मळावं ते घरभर ऐकू आलं.

"अरे वा," गोपाळकृष्ण पेपर खाली न करता म्हणाले, "या बाईचं तरी घरात ऐकू येतंय."

"म्हंजे स्पीकर ठीक हाय, ब्राउझर ठीक हाय," उत्तरेश्वर म्हणाला. "मावशी, खोट आपल्या बाजूला न्हाई. हे रेकॉर्डिंगच मुकं हाय." त्यानं पिशवीतून हेडफोन काढून कानाला लावला, आवाज पूर्ण वाढवला. "शून्य. काय बी न्हाई."

"बघू."

किती वर्षांनी कानांवर ते वजन आलं. सुशीलाबाईंनी डोळे मिटले. पंखा बंद करायला लावला. गोपाळकृष्णांचा पेपरही थांबला.

"शून्य नाहीये," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "मेलेल्या लाइनला खरखर नसते. ही जिवंत आहे. आत कोणीतरी बोलतंय, फार लांबून."

"मला तर काय बी ऐकू येईना."

"तुम्हाला नाही येणार. माउथपीसवर हात धरल्यावर असं येतं."

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. बोलता बोलता लोक माउथपीसवर तळहात दाबून बाजूच्या माणसाशी बोलत. हातामागे काय चाललंय ते ऑपरेटरला कळत नसे, पण हात आहे हे कळे. उत्तरेश्वर गेल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. उल्कानं हात धरला आहे. आपल्यासमोर बसून, आपल्याशी बोलत असताना. कशाला?

दुसऱ्या दिवशी देवापुढचं कुंकवाचं पाणी बोटाला लागलं आणि त्यांना प्रेमला आठवली.

त्र्याऐंशी सालची खंडेनवमी. एक्स्चेंजमध्ये पाटीची पूजा असे, झेंडूचा हार, पेढे. त्या वर्षी प्रेमला नावाची नवी मुलगी आली होती, भारी भक्तीची. तिनं सगळ्या हेडसेटना, अगदी माउथपीसच्या जाळीवर, ओलं कुंकू बोट बुडवून लावलं. दसऱ्याच्या सकाळी गिऱ्हाइकं ओरडत होती, "अहो बाई, जोरात बोला, ऐकू येत नाही!" शेजारच्या ऑपरेटरला लाइन जोडून पाहिली तर तिचाही आवाज फार लांबून आल्यासारखा येई. शेवटी मेकॅनिक दत्तोबा टाचणी घेऊन बसला आणि वाळलेलं कुंकू एकेका भोकातून उकरू लागला. "देवी पावली पोरींनो," तो म्हणाला, "पण कोल्हापूर गेलं."

तोच आवाज. आणि दिवसही तेच. दसऱ्यापासून.

सुशीलाबाईंनी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "उल्का? लॅपटॉपची पूजा? इथलं इथंच ठेवून गेलेली ना ती?"

"मला वाटलं म्हणून सांगितलं."

"तुम्हाला तसं वाटायला हवंय, म्हणून वाटतंय."

ते खरं होतं, आणि म्हणूनच दोन दिवस त्यांनी मेल लिहिली नाही. चूक निघाली तर उल्का हसेल, यापेक्षा वाईट म्हणजे हसणार नाही. आईला अजून मी परत यायलाच हवीय, असं मनाशी म्हणून पुढची यादी पाठवेल. रविवारी तिसरा मुका व्हिडिओ आला. त्यात उल्का दोनच मिनिटं बोलली.

सोमवारी त्यांनी लिहिलं: "दसऱ्याला लॅपटॉपला कुंकू लावलं होतंस का? कॅमेऱ्याच्या शेजारी बारीक भोक असतं. त्यात वाळलं असेल. सुईनं हळूच काढ. जोर करू नको." वाचून पाहिलं. 'लावलं नसशील तर राहू दे' हे वाक्य आधी घातलं, मग खोडलं.

उत्तर आलेलं दिसलं ते मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे रविवार नसताना. मेलमध्ये काही लिहिलेलं नव्हतं. फक्त लिंक.

सुशीलाबाईंनी ती उघडली. पडद्यावर उल्काचा चेहरा खूप जवळ आला होता, कपाळ आणि एक डोळाच दिसत होता. आधीची तीच लांबची खरखर. मग अचानक स्पीकरमधून मोठा करकर आवाज आला, सुई भोकात फिरल्याचा, इतका की गोपाळकृष्ण बाहेर आले. आणि त्यामागून एकदम एक अख्खी खोली उघडली. खिडकीबाहेरची गाडी, फ्रिजची घरघर, उल्काचा श्वास.

"आई, येतोय का आवाज?"

"येतोय," सुशीलाबाई पडद्याला म्हणाल्या.

उल्कानं सुई कॅमेऱ्यासमोर धरली. टोकावर लाल कण होता. "दर वर्षी लावते," ती म्हणाली. "तुला सांगितलं नव्हतं. या वर्षी जरा ओलं झालं." आवाज सर्दी झाल्यासारखा होता, पण सर्दी नव्हती. "मी पाठवलेलं परत कधी बघत नाही, मला स्वतःकडे बघवत नाही. त्या दिवशी शेवटी मी विचारलं होतं, आई, फोन करू का? आणि तुझी मेल आली, आवाज येत नाही. मला वाटलं, टाळतेयस. म्हणून मग ते रिफ्रेश करा, क्लिअर करा..." तिनं हात हलवला आणि चित्र संपलं.

सुशीलाबाई उठल्या आणि फोनपाशी गेल्या.

"अहो, तिकडे पहाट असेल," गोपाळकृष्ण म्हणाले. या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "झोपली असेल ती."

"असू दे."

नंबर त्यांना पाठ होता. दोन वर्षं फिरवला नव्हता. सवयीनं त्या घंटा मोजत राहिल्या. सहाव्या घंटेला पलीकडे कोणीतरी अंधारात चाचपडून फोन उचलला.

"हॅलो?"

"येतोय आवाज," सुशीलाबाई म्हणाल्या.

पलीकडून फक्त ती लांबची खरखर आली. उल्कानं माउथपीसवर हात धरला होता. सुशीलाबाई डोळे मिटून थांबल्या. घाई नव्हती. लाइन जिवंत होती.