चिंचेनं घासलेली देवी

"कडेनं धर, हबीबी. तोंडाला हात नाही लावायचा."

नाणं माझ्या हातात देताना काका हे म्हणणारच. रोमन नाणी, ब्राँझची, दोन हजार वर्षांची. दुबईच्या देरा भागातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एकेक करून जमवलेली.

शारजात त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्यानं घेतली होती. शुक्रवारी ते टेबलावर टॉवेल पसरून नाणी मांडत. "हा जेनस. दोन तोंडांचा. आपल्यासारखाच. एक तोंड ऑफिसकडे, एक कोल्हापूरकडे."

मी पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटून आलेला. "काका, आपल्याकडे देव कमी पडले म्हणून रोमहून मागवलेत का?"

"अरे, यांना आता कोणी विचारत नाही. म्हणून मी विचारतो."

त्यांची लाडकी म्हणजे काँकॉर्डिया, नवराबायकोचा सलोखा राखणारी देवी. हातात ताटली घेऊन बसलेली. तिचे नाक-डोळे ब्राँझवर चढलेल्या हिरव्या थरातच काय ते उरले होते. काका नाणं उजेडात तिरकं धरत, तेव्हा कुठे ती दिसे.

कंपनीनं त्यांचा फॅमिली व्हिसा वर्षानुवर्षं लटकवला. तुम्ही म्हणाल, नियम असतात. मी म्हणतो, हा सरळसरळ दरोडा आहे. माणूस राबायला हवा, त्याचा संसार नको! व्हिसा मिळेपर्यंत काकू तिकडे कोल्हापुरात शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, "सुट्टीत येते. राहून बघते. मग ठरवू."

काकांनी नवे पडदे लावले. दुसरी उशी आणली.

काकू आल्या. पहिल्याच शुक्रवारी काका आणि मी भाजी घेऊन परतलो, तर सिंकपाशी नाणी नव्या तांब्यासारखी चमकत होती. शेजारी वाटीत चिंचेचा चोथा.

"अहो, देवांची नाणी ना ही? किती कळकट ठेवली होतीत! चिंच-मीठ लावून घासली."

काँकॉर्डिया सपाट. नाक नाही, डोळे नाहीत, ताटलीही नाही.

"काकू, अहो, दोन हजार वर्षांचा थर होता तो..." मी भडकलोच. काकांनी माझा दंड दाबला.

"खलास, पुरे," ते मला म्हणाले. मग काकूंकडे वळले. "छान निघालीत गं. लखलखीत."

नंतर बाल्कनीत मी त्यांना गाठलं. "राग कसा येत नाही तुम्हाला?"

"घरात चिंचेचा वास आला रे," ते म्हणाले. "किती वर्षांनी."

सुट्टी संपली. विमानतळावर काकू म्हणाल्या, "शाळा नाही सोडवत हो. तुम्हीच या ना आता."

"इन्शाल्ला," काका म्हणाले. काकूंनी पर्समधून रुमाल काढला आणि त्या आत गेल्या.

पुढच्या शुक्रवारी टेबलावर टॉवेल नव्हता. काका पलंगावर बसले होते, दुसऱ्या उशीशेजारी. काँकॉर्डिया मुठीत. अंगठा तिच्या पुसल्या तोंडावरून फिरत होता.

मी दारातच थांबलो. त्यांनी मूठ हळूच नाकाशी नेली.