चौकटीच्या मागचा हात

"मांगं हो. आनखी मांगं." चित्र पाहायला गेलं, की गुरुजी खांद्यांना धरून आपल्याला मागे ढकलत न्यायचे. नालवाडीतल्या त्यांच्या अंगणात निम्मी वस्ती तुळशीच्या ओट्यावर आपटलेली आहे. मी तर थेट नालीत उभं राहून कलेचा आस्वाद घेतलेला माणूस.

"काय दिसते?"

"काहीच नाही, गुरुजी."

"मंग बरोबर उभा हायेस."

शाळेत चित्रकलेच्या तासाला ते मुलांकडून आंबा आणि मोर काढून घेत. घरी मात्र अंगणात कापड अंथरून केरसुणीनं रंग ओढत. माझं फ्रेमिंगचं दुकान. देवांच्या तसबिरींशेजारी त्यांचं एखादं चित्र ठेवलं, तर गिऱ्हाईक हात जोडून विचारी, "हे कोणते देव जी?"

गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, आजारपणात गेल्यावर त्यांनी एक मोठं तांबडं-काळं चित्र काकूंच्या डॉक्टरांना देऊन टाकलं. डॉक्टरांनी काकूंना शेवटी दुखू दिलं नव्हतं. कापडाची गुंडाळी डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवली आणि मी ती चौकटीवर ताणून दिली.

वर्षं गेली, डॉक्टरही गेले. त्यांच्या मुलीनं ते चित्र मुंबईत लिलावाला ठेवलं आणि माहितीपत्रक मला फोनवर पाठवलं. मी वरात घेऊन निघाल्यासारखा गुरुजींकडे गेलो आणि खड्या आवाजात वाचलं, "डाव्या कोपऱ्यातील तपकिरी फटकाऱ्यात विलक्षण संयम आहे." मला हसू आवरेना. गुरुजी फोन नाकाशी धरून तो कोपरा पाहत होते.

"हा तं आंगठा हाय. बाकी हात कुठी गेला तिचा?"

"कोणाचा?"

"तुह्या काकूचा. चित्र ओलं होतं. ती पानी प्याले उठली, तोल गेला, पंजा उमटला. म्हने, वाळू घालाले दुसरी जागा नाई भेटली तुमाले? मंग म्या तिथं केरसुनी नाई लावली."

माझं हसू तिथंच वाळलं. कड सरळ यावी म्हणून वीतभर कापड मीच मागे दुमडलं होतं. मला तो रंगच वाटला होता.

"गुरुजी, म्या दुमडला. मांगं हाय तो."

"कापला तं नाई ना?"

"नाई."

ते बाजेवर टेकले.

"डॉक्टरांच्या पोरीले सांगू का? देईन ते पोरगी परत."

"देल्लेलं मांगते का कोनी?" मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "पाहाले मिळन का पन, एक डाव?"

दुसऱ्या दिवशी मी मुंबईला लिलाववाल्यांना फोन लावला. शेठजींसारखा खाकरलो, खरेदीदार म्हणून एक भारदस्त आडनाव घेतलं आणि चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला. आयुष्यातली माझी सगळ्यात चोख भूमिका. फोटो संध्याकाळीच आला. लाकडी पट्टीवर, माझ्या खिळ्यांच्या रांगेत, काकूंची बोटं होती. करंगळी जरा वाकडी.

गुरुजींनी त्यावर आपला पंजा ठेवला. फोनला वाटलं, फोटो सरकवायचा आहे. तो सरकला. मी परत आणला. त्यांनी पुन्हा हात ठेवला, तो पुन्हा गेला.

"थांबून नाई राह्यला, बाबू."

मी आणत राहिलो.

चित्र विकलं गेलं. कोणी घेतलं, ते सांगत नाहीत. पोळ्याच्या आधी गुरुजीही गेले.

कुठल्याशा दिवाणखान्यात पाहुणे त्या आंगठ्यासमोर उभे राहत असतील. बाकीचा हात भिंतीकडे आहे. माझे खिळे सहसा निघत नाहीत.